दहा उसळ्या

“अजून जरा खाली ओढा,” चाळणबाई म्हणाल्या. नर्सने दिव्यांची टोपी काकांच्या भुवया झाकेपर्यंत ओढून बसवली.

चाळणबाईंचं आडनाव वेगळंच होतं, पण सगळं इस्पितळ त्यांना याच नावाने हाक मारी. टोपीतले दिवे कपाळातून आत उजेड सोडत. मेंदूने ऐकलं की तिथे रक्त धावे आणि पडद्यावरची रेघ चढे. त्या रेघेतला कचरा चाळून काढणं हे बाईंचं काम.

काका पाच महिने निपचित. श्वाससुद्धा यंत्राचा. आज मंगळवारी रेघ चढली नाही, तर गुरुवारी यंत्र बंद, असं ठरलं होतं.

“विचारा, काकू. दर अर्ध्या मिनिटाने, दहा वेळा. हात मात्र लावायचा नाही.”

काकू वाकल्या. “अहो, मी आलेय. ऐकू येतंय ना?” मग बाईंकडे वळून कुजबुजल्या, “मुळात बोलायची हौसच नाही हो यांना. लग्नालासुद्धा नुसत्या भुवया उडवल्या. माझे वडील म्हणाले, हा होकार समजायचा, की कपाळावर माशी बसली?”

चाळणबाईंनी ओठ दाबून हसू आवरलं.

दुपारी डॉक्टर पडद्यापाशी आले. रेघ सपाट होती. मधेमधे तेवढ्या सुळक्यासारख्या उसळ्या.

“या ठेवल्या तर उत्तर ‘हो’ येतंय, बाई.”

“ठेवल्या तर भिंतसुद्धा हो म्हणेल. रक्त असं उडी मारत नाही, डॉक्टर, दुधासारखं सावकाश वर येतं. टोपीला बसलेले धक्के आहेत हे. आणि अंतर बघा, घड्याळ लावल्यासारखं! माणूस इतक्या नेमाने हलतो का? गादीत हवा भरणारा पंप असणार.”

“नक्की?”

दाराबाहेर काकू पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खोट्या आशेवर त्या माउलीला आणखी पाच महिने त्याच खुर्चीत बसवायचं, हे काही बाईंच्याने होईना.

“नक्की,” त्या म्हणाल्या, आणि एकेक उसळी छाटली.

गुरुवारी यंत्र बंद झालं.

सोमवारी काकू काकांचा चष्मा न्यायला आल्या. जाता जाता टोपीपाशी थबकल्या.

“एकदा मला घालता? यांना टोचत तर नव्हती ना, तेवढंच बघते.”

चाळणबाईंनी टोपी काकूंच्या डोक्यावर चढवली, भुवयांखाली ओढली. हाताच्या सवयीने यंत्रही सुरू केलं.

“टोचत नाही ना, काकू?”

काकू गप्प.

“काकू? सांगा ना.”

“दिलं की उत्तर. यांच्यासारखं.” कितीतरी दिवसांनी काकू जराशा हसल्या. “दिसल्या नाहीत का भुवया?”

दिसल्या नव्हत्या. पडद्यावर एक उसळी मात्र होती, सुळक्यासारखी. मंगळवारच्या दहाजणींची सख्खी बहीण.