पुजलेलं हत्यार

डोंगराचे कडे चढायचं सामान निवडण्यात उदयसिंहाचं अख्खं वर्ष गेलं. बूट किती घट्ट हवेत, हाताला लावायची पावडर कुठली बरी, बोटं बळकट करायची फळी लाकडी घ्यावी की प्लास्टिकची, यावरून तो रोज जेवताना बायकोचं डोकं खायचा. चढायला तेवढा मुहूर्त लागत नव्हता.

खंडेनवमीला त्यानं पार्किंगमध्ये मोटारसायकलीशेजारी पाट मांडला, सगळं सामान त्यावर रचलं आणि हळदकुंकू वाहून साग्रसंगीत पूजा केली. नारळ फुटला आणि तेवढ्यात वर पहिल्या मजल्यावर त्यांच्या फ्लॅटचं दार वाऱ्यानं धाडकन लागलं. किल्ली आत, आणि गॅसवर दूध.

"अहो, गॅलरी उघडी हाय. चढा की!" पूजेसाठी खाली आलेली त्याची बायको संयोगिता ओरडली.

उदयसिंहानं गॅलरीकडं बघितलं, मग बुटांकडं. "अगं, आज खंडेनवमी. पुजलेलं हत्यार आज वापरायचं नसतंय."

संयोगितानं पदर खोचला. खालच्या खिडकीच्या जाळीवर पाय देत ती गॅलरीत चढली, गॅस बंद केला आणि दार उघडलं. दारात उदयसिंह पूजेचं ताट घेऊन हजर.

"झ्याक चढलीस! आता पटापट पोळ्या लाट, लई भूक लागलीया."

तिनं ताट त्याच्या हातातून काढून घेतलं. आपल्या दोन्ही हातांना सावकाश हळदकुंकू लावलं आणि पंखा सुरू करून सोफ्यावर बसली.



"पुजलेलं हत्यार आज वापरायचं नसतंय."