चाच्याची मूठ

"पडलं का?" डोळे मिटूनच यांनी विचारलं.

"पडलं," मी म्हटलं आणि खालचा चमचा उचलला. अर्धांगाचा झटका आल्यापासून यांच्या उजव्या हाताला काही कळत नाही. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलंय, रोज डोळे मिटायला लावून हातात वस्तू द्या, ओळखू द्या. आठ महिने चमचा, लाटणं, किल्ली, सगळं पडतंय. आताशा मला त्याचं वाईटही वाटत नाही.

मागच्या पडवीत माझी भट्टी आहे. ट्रकच्या भंगारातल्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांपासून मी हौसेनं समुद्री चाच्यांच्या तलवारी बनवते, नाटकवाले घेऊन जातात. गिऱ्हाइकाचा पंजा कागदावर उतरवून मूठ त्या मापाची करायची, ही माझी रीत. या तलवारींच्या मुठीवर बोटं झाकणारी पत्र्याची वाटी असते. यांचा पंजा मी ते झोपलेले असताना उतरवून घेतला. हात इतका बारीक झालाय, की वाटी दोनदा ठोकून आत घ्यावी लागली. धार लावलीच नाही.

आज चमच्याऐवजी ती तलवार यांच्या हातात अडकवली आणि सोडून दिली. बोटं नेहमीसारखी सैलच होती. पण वाटीत पंजा असा घट्ट बसला, की तलवार जागची हलली नाही.

"पडलं का?"

"नाही."

त्यांनी मिटलेले डोळे आणखी घट्ट मिटून घेतले.

"अहो, डोळे उघडा. बघा तरी काय आहे."

"थांब गं," ते म्हणाले. "एवढ्यात नको."