खालचे पान

तालुक्यापर्यंत फोन बोलत होता. ‘मोहोळ निवडले,’ असे त्याने खणखणीत सांगितले आणि मग तो गप्प झाला. कोंडीबाने काचेवर बोट वर-खाली फिरवून पाहिले. पडद्यावर मोहोळ तालुक्यातली सगळी गावे एकाखाली एक उलगडली होती आणि बैठकीतल्या प्रत्येकाला ती दिसत होती. कोंडीबा कांद्याचा शेतकरी, त्याची नजर गेलेली. फोन वाचून दाखवील तेवढेच त्याला कळणार, आणि फोनच्या लेखी तिथे काहीच नव्हते.

“हितनं फुडं मुका झाला की वो ह्यो,” कोंडीबा म्हणाला.

आडते संघटनेच्या कार्यालयात फक्त महेश्वर बिराजदार हसला. संकेतस्थळ त्यानेच बनवले होते. कांद्याच्या हंगामात बाजार समितीच्या आवाराच्या फाटकावर गाड्या तुंबत, म्हणून संघटनेने नियम केला होता: शेतकऱ्याने घरूनच फोनवर माल आणायचा दिवस नोंदवायचा, नोंद नसेल त्याची गाडी आत नाही. महेश्वरचे पान देखणे होते. तालुका निवडला की गावे सरकत यायची, गाव निवडले की आडत्यांचे फोटो, आणि आडत्या निवडला की पडद्यावरून एक छोटी मालगाडी धावत जायची. त्या गाडीवर त्याचा फार जीव होता.

संघटनेच्या सचिव सुकन्या शेटे यांनी विचारले, न दिसणाऱ्याने हे भरायचे कसे. महेश्वरकडे उत्तर तयार होते. घरचे कोणीतरी भरून देईल. कांदा पिकवणारे आंधळे जिल्ह्यात असून असून किती असणार? आणि कायद्याचे बंधन सरकारी संकेतस्थळांना; आपली संघटना खासगी. वकिलांचे मत उलटे आहे, असे सुकन्याताईंनी सांगितले. लोकांना सेवा द्यायची तर खासगी म्हणून सुटका नाही. त्यावर महेश्वर म्हणाला, वकिलांना फी मिळते, कांदा नाही.

“घरचं कोन भरनार, सायब?” कोंडीबाने विचारले. “पोरगं पुन्याला, सून शेरडांमागं. शेजाऱ्याच्या दारात फोन घिऊन हुबं ऱ्हायचं, त्येच्या सवडीनं त्यो दिस धरनार. मग कांदा माजा का त्येचा?”

महेश्वरने हात जोडले, पण ते नमस्काराचे नव्हते. त्याच दुपारी त्याने दुसरे पान करून टाकले. नाव, गाव, पिशव्या, दिवस, मोबाइल. पाच रिकाम्या चौकटी आणि एक बटण. सरकणारे काही नाही, धावणारे काही नाही, रंगसुद्धा नाही. असले पान आपल्या नावावर लागावे याची त्याला लाज वाटली. म्हणून दुवा त्याने मुख्य पानाच्या अगदी तळाशी टाकला आणि वर लाल अक्षरांत लिहिले: फक्त दिव्यांगांसाठी.

एक अट मात्र त्याने इतिवृत्तात लिहूनच घेतली. महिन्याने मोजायचे, ज्या पानाला माणसे नसतील ते बंद. पाने चालवण्याचा वर्षाचा करार त्यानंतरच, आणि जे पान उरेल त्याच्यापुरताच. सुकन्याताईंनी खळखळ न करता सही केली. सोलापुरात सात रस्ता चौकातल्या चहाच्या गाड्यावर महेश्वर मित्रांना सांगत सुटला, की आंधळ्यांसाठी दुकान थाटलंय, आता गिऱ्हाईक हुडकतोय.

महिना बरा गेला. गाड्या आपापल्या दिवशी येत होत्या, फाटकावर रांग नव्हती. महेश्वरने मोकळ्या फाटकाचे फोटो काढून आपल्या इतर गिऱ्हाइकांना पाठवले.

मग मोजायचा दिवस आला. सुकन्याताईंनी लॅपटॉप उघडला आणि आधी खालचे पान दाखवले. नोंदी सरकवता सरकवता संपेनात. मोहोळ, माढा, बार्शी, माळशिरस.

“अख्खा जिल्हा आंधळा झाला काय?” महेश्वर म्हणाला. ही सरळ लबाडी आहे, खोटे दिव्यांग घुसले आहेत, आत्ताच्या आत्ता चौकशी करा, असे त्याचे म्हणणे पडले. सुकन्याताईंनी वेळापूरच्या एका बाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. केराबाई नाव होते. तुम्हाला दिसत नाही का, असे सुकन्याताईंनी सांभाळून विचारले.

“दिसतंय की, लई चांगलं दिसतंय,” केराबाई म्हणाल्या. “पन त्या वरल्या पानावर नुसतं गोल फिरतंया. आमच्या शिवारात रेंज न्हाय. खालचं लगीच उघडतंय, म्हनून समदी त्येच्यावरच भरत्यात.” मग त्यांनी काळजीने विचारले, “का वो ताई, आंधळ्यांचं पान सरलं का काय?”

महेश्वरला हवे ते मिळाले होते. ही बाई आणि तिच्यासारखे सगळे बाद करा, तो म्हणाला. पान ज्यांच्यासाठी केले त्यांचीच नोंद खरी. सुकन्याताईंनी वाद घातला नाही. त्यांनी आडत्यांना विचारून विचारून डोळसांच्या नोंदी बाजूला काढल्या. खाली एकच नाव उरले. कोंडीबा.

“एक माणूस,” महेश्वर खुर्चीत रेलून म्हणाला. “एका माणसासाठी पान चालवणार, मॅडम?”

सुकन्याताईंनी वरचे पान उघडले. महिनाभरात शेवटपर्यंत भरून पोचलेली नोंद तिथेही एकच होती. त्यांनी ती वाचली. नाव महेश्वर बिराजदार, गाव सोलापूर, माल शंभर पिशव्या. पान चालते का हे बघायला भरली होती ती, महेश्वर घाईने म्हणाला.

“असू द्या की. तुमच्याच नियमाने खरी नोंद कुठली तेवढं ठरवू,” सुकन्याताई म्हणाल्या. “कोंडीबाचा कांदा येऊन विकूनसुद्धा गेला. तुमच्या शंभर पिशव्या कुठवर आल्या, साहेब?”