मास्तरच्या बारा फेऱ्या

बसा, बसा. पट्टा राहू द्या, एवढ्यात लावू नका. सगळ्या जागा भरल्याशिवाय तो गाडीवाला काही गाडी सोडत नाही. तोवर एक गोष्ट ऐका. दोन म्हाताऱ्या दोस्तांनी पोराटोरांसारखी सहल ठरवली, त्याची गोष्ट.

एक होता रंगारी. उंच इमारतींना बाहेरून रंग द्यायचा, दोरावर लटकून. दुसरा मास्तर. शाळेतला नव्हे हो, शिवणमशीनवरचा. गाड्यांची सीटकव्हरं, बॅगा, पट्टे, जाडजूड जे येईल ते शिवायचा. चाळीस वर्षांची दोस्ती. रंगाऱ्याच्या कमरेचा पट्टासुद्धा मास्तरनेच शिवलेला.

"दहाव्या मजल्यावर मी ह्याच्या टाक्याच्या भरवशावर लटकतो," रंगारी भेटेल त्याला सांगायचा. मास्तर म्हणायचा, "गप रे." पण आतून छाती फुगायची. सगळ्या आयुष्यात त्याने कमावलं काय, तर हे एक वाक्य.

तसा मास्तर भित्रा. स्टुलावर चढला तरी पाय लटपटायचे.

तर साठी उलटली आणि रंगाऱ्याच्या डोक्यात खूळ शिरलं. थीम पार्कला जायचं. "आयुष्यभर पोटासाठी लटकलो. आता एकदा मजेसाठी लटकायचंय. आणि तू बरोबर पाहिजेस."

मास्तरने वर्षभर टाळलं. कधी गुडघा, कधी मशीन बिघडलं, कधी बायकोचा भाचा येणार.

"तुझं आपलं नेहमीचंच," रंगारी करवादायचा. "एका पट्ट्यापायी आठ दिवस धड न जेवणारा माणूस तू. तू कसली मजा करणार?"

ते पट्ट्याचं असं झालेलं. एका एजंटाची ऑर्डर होती. शेवटच्या पट्ट्याला नायलॉनचा दोरा संपला. मास्तरने त्या दिवसापुरता उशा शिवायचा कच्चा सुती दोरा भरला, उद्या उसवून परत शिवू म्हणून. सकाळी मास्तर दोरा आणायला गेला, इकडे बायकोने गठ्ठा एजंटाच्या हाती देऊन टाकला. मास्तरने तीनदा फोन केला. एजंट म्हणाला, "अहो, पेट्या बांधायला जातात ते. झोपा निवांत." विषय संपला.

एके दिवशी रंगारी पार्कचं पत्रक घेऊन दुकानात आला. चकचकीत कागद. वर रोलर कोस्टरचा फोटो, माणसं उलटी लटकलेली, तोंडं वासलेली.

मास्तरने चष्मा लावला. मग खणातून भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिला.

"काय रे एवढं बघतोस? ओळखीची बाई आहे काय?"

"ह्या रविवारी जाऊ," मास्तर म्हणाला.

"ह्या रविवारी? आणि गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय!"

रंगाऱ्याला आनंद मावेना. लगेच यादी करायला बसला. आधी पाण्याची घसरगुंडी, मग भुताचं घर, मग पोटभर खाणं आणि शेवटी रोलर कोस्टर. मास्तरने सगळ्यावर काट मारली.

"आधी रोलर कोस्टर. फाटक उघडलं की पहिली गाडी. किती जागा असतात रे तिला?"

"बारा. लिहिलंय की इथं. अरे, तुला झालंय काय?"

"मजा करायचीय ना तुला? मग चल गपचूप."

पत्रकावरच्या नंबरावर मास्तरने फोनही लावला. तिकिटासाठी एक दाबा, वाढदिवसासाठी दोन दाबा. त्याने सगळी बटणं दाबून पाहिली. माणूस काही भेटला नाही.

रविवारी फाटकाशी पहिले हेच दोघं. गाडी चालवणाऱ्याला मास्तरने विचारलं, "पट्टे बघता ना हो नीट?"

"रोज सकाळी, काका. तुमच्या वयाचे सगळे हेच विचारतात."

मास्तरने हातातली पिशवी रंगाऱ्याकडे दिली. "तू खाली थांब."

"अरे वा रे वा! वर्षभर मागे लागलो मी, आणि मीच खाली?"

"धर म्हणतो ना. मला आधी मनसोक्त बसू दे, मग तू."

पट्टा लागला तसा मास्तर डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवत बसला, झोपाळलेलं पोर पांघरुणाचं टोक चोळतं तसा. खाली आला तो पांढराफटक. झाडाशी जाऊन ओकला. खिशातून वही काढून एक खूण केली आणि परत रांगेत. ह्या वेळी दुसऱ्या जागेवर. मग तिसऱ्या. दर फेरीला ओकायचा, खूण करायचा आणि पुन्हा रांगेत.

"म्हाताऱ्याला चटक लागली!" रंगारी खालून टाळ्या पिटत होता. आजूबाजूच्यांना सांगत होता, "स्टुलाला घाबरायचा हो हा! आणि आता बघा."

दुपार कलली. अकरा जागांवर खुणा झाल्या. राहिली सात नंबरची. तिच्यावर दर खेपेला कोणीतरी आधीच बसलेलं. मागच्या फेरीला तिथल्या माणसाला सरळ म्हटलं, "उठा." तो हसला, बायकोला म्हणाला, "बघ गं, काकांना खिडकी पाहिजे." म्हणून ह्या खेपेला ठरवलं, शेजारच्या आठवर बसायचं, गाडी भरेपर्यंत वेळ असतो, पहिल्यापासून सगळं सांगायचं.

तो बघा, खाली पिशवी घेऊन हात हलवतोय तो रंगारी. त्याला ह्यातलं काही बोलू नका. तो माझ्या टाक्यावर लटकतो. पत्रकातल्या फोटोत ह्या पट्ट्यांवर मला माझाच टाका दिसला. अकरा पट्ट्यांना माझ्या अंगठ्याला नायलॉन लागला. सुई-दोरा खिशात आहे. तुमच्या पाठीमागे सातचा आकडा आहे हो. जरा उठता का?