विरळ जाळी

आमच्या कंपनीच्या श्रवणयंत्रातल्या माईकचा पडदा केसाहून पातळ. संगणकावरच्या चाचणीत मी त्याला विजेचा नेहमीचाच दाब दिला, तर तो ओढला जाऊन मागच्या पट्टीला चिकटला. चिकटला की माईक बहिरा. साहेब म्हणाले, “गणितासाठी पडद्यावर टाकलेली चौकटींची जाळी विरळ करा, चौकटी मोठ्या घ्या. कडेची ओढ मोजलीच जाणार नाही, पडदा सुटा राहील.” “संगणकात राहील, साहेब. म्हाताऱ्यांच्या कानात चिकटेल त्याचं काय?” “राईचा पर्वत करू नका. मीसुद्धा आपलंच यंत्र लावतो. झालं का काही?” माझं डोकंच फिरलं. “डोळ्यांवर कातडं ओढून चाचणीच्या अहवालावर सही करणार नाही!” मी ओरडले. साहेबांनी शांतपणे कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि फाईल वाचायला घेतली. म्हणजे मी कितीही बोंबलले तरी त्यांना ऐकूच जाणार नव्हतं. ते यंत्र मी उचललं, उलटवून पाहिलं. त्यावर छाप दुसऱ्याच कंपनीची होती.