सावनेरचा भागीदार

रुपराव विश्रामगृहाच्या फाटकातून बाहेर पडले, तेव्हा शोभाताई समोरच्या कडुनिंबाखाली रिक्षावाल्याला पैसे देत होत्या. दोघांनी एकमेकांना पाहिलं. न पाहिल्यासारखं करायला उशीर झाला होता. रुपराव रस्ता ओलांडून जवळ आले.

"इकडं कुठं, ताई?"

"मावशीकडे निघालेय. तुम्ही, रुपरावजी?"

"मोटरचा पट्टा घ्याले आलो होतो. गहू सुकून राहिला ना शेतात."

रविवार होता. दुकानं बंद होती.  सिव्हिल लाइन्समध्ये शोभाताईंची तरी कुठं मावशी होती? मुंबईच्या एका न्यासाच्या अधिकारी चारुशीलाबाई कालच येऊन या विश्रामगृहात उतरल्या होत्या. दोघांनी मिळून त्यांना सोमवारी भेटायचं ठरलं होतं. आज नुसता नमस्कार करून यावा, एवढंच शोभाताईंच्या मनात होतं. आता त्या तशाच परत फिरल्या.

शहरातल्याच प्रताप नगरात भाड्याच्या घरात शोभाताईंची मूकबधिर मुलांची शाळा होती. रुपराव सावनेरचे शेतकरी. त्यांची धाकटी मुलगी जयवंता जन्मतः बहिरी निघाली आणि ते या कामात ओढले गेले. आसपासच्या खेड्यांतून ते अशी मुलं शोधून आणत आणि गावातल्या आपल्या मोठ्या घरात ठेवत. तिथं त्यांच्या संस्थेचं वसतिगृह होतं, पण शिकवणारं कुणी नव्हतं. शोभाताईंच्या शाळेतली प्रमोदिनी अधूनमधून एसटीनं जाऊन शिकवून येई. शाळा आणि वसतिगृह दोन्ही असतील तरच न्यास अनुदान देत होता. म्हणून दोघांनी एकत्र अर्ज केला होता.

मग रुपराव एकटेच का गेले?

घरी न जाता शोभाताई प्रमोदिनीकडे गेल्या. प्रमोदिनी अंगणात केस वाळवत बसली होती. रुपरावांचं नाव निघताच ती गोंधळली.

"त्यांनी तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं, ताई."

"काय सांगू नका?"

"कायमचं सावनेरला राहायला याल का, असं विचारत होते. राहायची सोय करतो म्हणाले."

"आणि तू काय म्हणालीस?"

"विचार करते म्हटलं," प्रमोदिनी खाली बघत म्हणाली.

 मूकबधिर मुलांना शिकवण्याचं शिक्षण घेतलेली शोभाताईंकडे ही एकटीच होती.

परतताना शाळेच्या दारात घरमालक गणपतराव भेटले. एरवी भाड्यासाठी थांबणारे, आज घाईत होते.

"तो सावनेरवाला परवा कशाले आला होता गा आपल्याकडे?" असं त्यांच्या मागून येणाऱ्या बायकोनंच विचारलं. गणपतराव चिडले.

"तू जाय वं आत!" मग शोभाताईंकडे वळून म्हणाले, "काही नाही, बाई. घराबद्दल विचारून राहिला होता. असंच."

"माझ्या शाळेच्या घराबद्दल? कशाला?"

"आता मले काय माहीत?" ते नजर चुकवून निघून गेले.

शिक्षिका, घर, आणि आता अधिकारी. शोभाताईंना सगळं लख्ख दिसलं. नवऱ्यामागे हिमतीनं उभी केलेली शाळा हा माणूस गोड बोलून गिळायला निघाला होता. आणि त्याला आपण राखी बांधली होती! 

सोमवारी ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी त्या विश्रामगृहात पोचल्या. चारुशीलाबाई चहा घेत होत्या. त्यांनी दुसरा कप मागवला.

"एकट्याच आलात?"

"एकटीनंच बोलायचं होतं," शोभाताई म्हणाल्या. "हा एकत्र अर्ज मला नको. एकाच संस्थेला अनुदान द्या."

चारुशीलाबाईंनी कप खाली ठेवला. "नवल आहे. काल रुपरावही हेच म्हणाले. एकच संस्था राहू द्या, दोन्ही कामं तीच करील. आमच्या न्यासाला तेही चालतं. पण ताई..."

"बघा! मला ठाऊकच होतं."

"ताई, आधी माझं ऐकून घ्या. मी त्यांना शब्द दिलाय, पण..."

"शब्द? तुम्हालाही त्यानं गुंडाळलं तर!" शोभाताईंचा आवाज चढला. "त्या माणसाच्या हाती मुलं देऊ नका. तिथं लेकरांना पोटभर खायला मिळत नाही. आजारी पडली तर औषध नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय."

असं काहीच त्यांनी पाहिलं नव्हतं. सावनेरला गेलं की रुपरावांची बायको प्रयागबाई आधी मुलांना वाढायची आणि मग पाहुण्यांना, हे त्यांनी पाहिलं होतं. पण शब्द बाहेर पडले होते, आणि त्यांना बरंही वाटत होतं.

चारुशीलाबाईंनी वही पुढे ओढली.

"नक्की पाहिलंत?"

"पाहिलं."

"मग माझा नाइलाज आहे. भागीदारानंच मुलांच्या हालांची तक्रार केली, तर मला ती न्यासाला कळवावी लागते. अनुदान थांबेल. दोघांचंही."

"माझं कशाला?" शोभाताई उठून उभ्या राहिल्या. "माझ्या शाळेचा काय संबंध?"

"तुमची शाळा ज्या घरात आहे ते विकलं गेलंय, ताई. गणपतरावांना तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता. रुपराव आज स्वतःच सांगणार होते, तोवर गप्प राहायचा मी शब्द दिला होता," चारुशीलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून रुपराव काल सावनेरचं आपलं घर तुमच्या शाळेला लिहून देऊन गेले; शाळा तिथं हलवायची, प्रमोदिनीनंही तिथंच राहायचं. माझी संस्था बंद करतो, ठेवायची ती ताईंचीच ठेवा म्हणाले."