थंड इंजिन

स्वयंपाकघरात खुंटीवरची किल्ली किणकिणली. खिडकी बंद, पंखा बंद. पहाटे मी एकटीच जागी होते.

किल्ली बुलडोझरची होती. सोहना गावाजवळच्या आमच्या उंचसखल जमिनीवर घर आणि थोडी शेती करायची, म्हणून माझा नवरा विश्वजित जुना बुलडोझर घेणार होता. सगळी बचत त्यात जाणार होती. "विकणारे आधीच इंजिन तापवून ठेवतात, मग खोड कळत नाही," असं म्हणत त्याने आदल्या संध्याकाळीच मालकाकडून किल्ली मागून आणली होती. फौजेत यंत्रांवरच काम केलेला माणूस तो.

सकाळी धुक्यात आम्ही मालकाच्या यार्डात पोचलो. विश्वजितने इंजिनावर तळवा टेकला आणि हसला. "बर्फ आहे, सुनयना! मालक बिल्कुल खरा माणूस."

"चाबी तो आपके पास थी, भाभीजी," मालक म्हणाला.

आमच्या लहानग्या राधाला कडेवर घेऊन मी बुलडोझरवर चढले. पायऱ्यांवरचं दव माझ्याच चपलेने पहिल्यांदा पुसलं गेलं. तिला सीटवर बसवलं.

"आई, गरम आहे."

मी हात लावला. राधाला उचलल्यावर तिच्या गादीला असते ना, अगदी तशी ऊब.

खाली विश्वजितने सौदा पक्का करायला हात पुढे केला होता.

"अरे, थांब जरा!"

"का गं?"

राधा सीटच्या कडेला सरकली, शेजारी जागा करून दिली आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत हळूच म्हणाली, "आई, आपण हा घेतला, तर हे काका कुठे जाणार?"